तीन सेकंदांचा चौकोन

सुमित्राअक्का आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीतलं बास्केटबॉल कोर्ट रोज सकाळी पदर खोचून स्वतः झाडायच्या. रिंगखालच्या लाल चौकोनात कुणी मुलगी रेंगाळताना दिसली, की थेट तिच्या पायांवरूनच झाडू फिरवायच्या. पायाला झाडू लागतो म्हटल्यावर मुलगी टुणकन बाहेर!

त्या चौकोनाला खेळात 'पेंट' म्हणतात. आपला संघ चढाई करत असताना तिथे सलग तीन सेकंदांहून जास्त थांबलं, की बॉल समोरच्यांना. अक्का म्हणायच्या, "हितं बिऱ्हाड करू नको गं. जा, काम कर, सरी म्हण, नीघ." सरी म्हणजे कानडीत 'बरं, ठीक'. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्या आम्हा मुलींना शिकवत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. त्यांच्या कानडी-मराठीला मी पुणेकरीण आधी हसायचे. मग एकदा मीच पुण्याच्या मावशीला फोनवर 'स्वल्प थांब' म्हणाले. संघात मी सगळ्यांत उंच आणि तितकीच आळशी, त्यामुळे झाडूचा प्रसाद मलाच जास्त.

सोसायटीच्या कमिटीला कोर्टावर गाड्या लावायच्या होत्या. अक्कांनी भांडभांड भांडून एक कबुली मिळवली: मुलींनी यंदाचा कप आणला, तर कोर्ट राहील.

अंतिम सामन्याला रेफरी ट्रॅफिकमध्ये अडकले. समोरच्या संघाचे कोच म्हणाले, "शिट्टी अक्कांकडे द्या. आमची हरकत नाही." शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. मी रिंगखाली होते. पास आला, मी बॉल टाकला, तो आत गेला. मुली किंचाळत धावल्या, पण शिट्टी आधीच वाजली होती. अक्का तीन बोटं दाखवत उभ्या होत्या. बास्केट रद्द झाली आणि आम्ही हरलो.

कोर्ट गेलं. मी महिनाभर अक्कांशी बोलले नाही. त्या लिफ्टमध्ये दिसल्या की जिन्याने जायचे. फार वाईट वागले मी, आज त्या नाहीत तर ते जास्तच टोचतं.

शेवटी अक्काच एका दुपारी घरी आल्या. आईने चहा दिला. मला राहवेना.

"अक्का, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्याशिवाय तिथे कुणीसुद्धा मोजत नव्हतं!"

चहा बशीत ओतत अक्का म्हणाल्या, "तू मोजत हुतीस की गं."

मोजत होते. पास हातात यायच्या आत चौथा आकडा मनात म्हणून झाला होता.