बॅटरीवर काय चालवायचं

घरावर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा कोणतं बसवायचं ते मी सांगायचं, हेही न बोलता ठरलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्याच्या कागदापासून गॅसच्या अर्जापर्यंत सगळं माझ्यासमोर येतं. शिवाय मी फिजिक्स शिकते, म्हणजे मला वीज कळते, असं पप्पांचं ठाम मत. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर मला घाम फुटतो, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

पप्पा हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. आई घरी शिवणकाम करते, शाळांचे गणवेश आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज. वारज्यातल्या दोन खोल्या आणि वरची गच्ची, एवढं आमचं स्वतःचं.

मी वहीत आकृती काढून दोन पर्याय समजावले. पहिल्यात बॅटरी नसते. पॅनेलची वीज घरात वापरायची, उरलेली बाहेरच्या तारांत जाते आणि बिल कमी येतं. पण बाहेरची वीज गेली की हे सोलरही बंद पडतं, तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून. दुसऱ्यात बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी घरात थोडंफार चालतं.

"म्हणजे डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद?" पप्पा म्हणाले. "मग त्या काचांवर काय, पापड वाळवायचे?"

बॅटरी घ्यायची ठरली, पण लहान. सोलर बसवणारे काका गच्ची मोजून गेले. जाताना मला म्हणाले, "ताई, ह्या बॅटरीवर सगळं घर चालणार नाही. कोणते पॉइंट घ्यायचे ते कागदावर लिहून ठेवा. एकदा वायरिंग झालं की बदलायला भिंत फोडावी लागते."

मी लिहिलं: दोन पंखे, दोन ट्यूब, वायफाय, मोबाईलचं चार्जिंग. आईचं मशीन लिहिलं नाही. विसरले नव्हते.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. मी लहान असताना तर सकाळी गेलेली वीज संध्याकाळीच यायची. आईचं मशीन मोटरचं, ते विजेशिवाय चालत नाही. इतर दिवशी शाळेतून आल्यावर मला आईची पाठ दिसायची. गुरुवारी ती दारात असायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवून माझ्या केसांना तेल लावायची. वर्गातल्या भांडणात कुणाचं चुकलं, ते नीट विचार करून सांगायची. ऊन उतरलं की आम्ही टेकडीवर जायचो. तिथे ती चपला काढून पाय पसरून बसायची. तिला इतकं स्वस्थ मी एरवी कधी पाहिलं नाही. ती आई मला अजून हवी असते. एकोणीस वर्षांच्या मुलीने असं लिहावं की नाही, मला कळत नाही.

रविवारी सकाळी पप्पांनी कागद वाचला. "आणि मशीन?"

"मोटर आहे ना ती. लहान बॅटरीला जड जाईल."

हे खरं नव्हतं. किती वीज लागते ते मोटरवरच्या पाटीवर मी वाचलं होतं. एक पंखा कमी घेतला असता तर मशीन आरामात चाललं असतं.

आई खाली बसून ब्लाउजला हुक लावत होती. ती एवढंच म्हणाली, "नसेल चालत. तिला कळतं त्यातलं." पप्पांनी कागदाची घडी करून टेबलावर ठेवली आणि ते अंघोळीला गेले.

कुणीतरी वाद घालायला हवा होता. माझं म्हणणं तपासून बघायला घरात दुसरं कुणीच नाही, हे त्या क्षणी मला फार जाणवलं. मी आईजवळ जाऊन बसले.

"आई, मशीन चालेल बॅटरीवर. मी मुद्दाम नाही लिहिलं."

"का गं?"

"गुरुवारी तू माझ्याजवळ बसायचीस."

आईने दोरा दाताने तोडला. "अगं वेडे, मी वीज यायची वाट बघत बसायचे. टेकडीवर काय हवा खायला जात होते का? तिथून आपली गल्ली दिसते. दिवे लागले की दिसायचे. राहिलेलं काम शुक्रवारी पहाटे उठून करायचे. तू झोपलेली असायचीस."

मला तिचे पसरलेले पाय आठवत होते. ती कुठे बघत होती, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तोंड पाडू नकोस," ती म्हणाली. "तुझी बडबड ऐकायला बरं वाटायचं मला. पण काम डोक्यातून जायचं नाही. मशीन लिही आधी."

मी कागद उघडला, एक पंखा खोडला आणि मशीन लिहिलं. अंघोळीहून आल्यावर पप्पांनी खाडाखोड पाहिली. "काय, फिजिक्स बदललं वाटतं?" म्हणाले आणि कागद खिशात टाकून गेले.

आता गुरुवारी गल्लीभर शांतता असते आणि आमच्या घरातून मशीनचा आवाज येतो. आई शुक्रवारी पहाटे उठत नाही. मी कॉलेजातून लवकर आले की थोडा वेळ जिन्यातच बसते. तिला हाक मारावीशी वाटते. मग वाटतं, हातातली शिलाई पुरी होऊ दे.