मुलीने घेतलेली वॉरंटी

माझ्या जीपची एक्स्टेंडेड वॉरंटी मी भांडून निम्म्या भावात घेतली होती. पुढे गिअरबॉक्स कुरकुरायला लागला, तेव्हा गाडी सरळ उद्यमनगरात आमच्या मिस्त्रीकडे नेली. आपला मिस्त्री असताना गाडी दुसऱ्याकडे न्यायची, म्हणजे त्याचा अपमान. त्याने गिअरबॉक्स उघडला. मग वॉरंटीचा कागद घेऊन शोरूमला गेलो, तर म्हणाले, बाहेर उघडलेल्या गाडीला वॉरंटी नाही. तसं कागदावर छापलेलं होतं, पण विकताना तोंडाने कुणी बोललं नव्हतं. मी काउंटरवर हात आपटून सगळं शोरूम गोळा केलं. तो राग अजून गेलेला नाही.

काही वर्षांनी मुलगी गारगोटीच्या कॉलेजात शिकवायला लागली. रोजच्या जाण्यायेण्याला तिने स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायची ठरवली. भाव करायला मी बरोबर गेलो. तिने बोलावलं नव्हतं. सीट कव्हर, मॅट, सगळं फुकटात पाडून घेतलं. शेवटी सेल्समनने वॉरंटीचा विषय काढला.

"पावणं, ही टोपी दुसऱ्याला घाला," मी म्हणालो. "आमचा मिस्त्री हाय की."

"मॅडमना हवी असेल तर..."

"मॅडमला काय इचारतोस? मी बसलोय न्हवं हितं?"

मुलगी म्हणाली, "आबा, कागद मी घरी नेऊन वाचलाय. सर्व्हिस यांच्याकडंच करायची, एवढंच हाय. वाटेत बंद पडली तर गाडी हेच ओढून नेत्यात. मी करीन."

"आणि मिस्त्री?"

"मिस्त्री तुमचा हाय. मी एकटी गेले की म्हणतोय, वडलांना पाठवा. वडील आले की आधी भांडण, मग पाना. वाटेत गाडी बंद पडली तर तुम्हाला बोलवायला लागू नये, म्हणून घेतेय."

हे ती अगदी हळू बोलली. सेल्समन मान खाली घालून पेनचं टोपण काढत-लावत बसला. मघाशी मी त्याच्यावर ओरडलो होतो आणि आता त्यालाच माझी कीव येत होती. दुकानात, बँकेत, लग्नाच्या हॉलवर, जिथे जिथे मी आवाज चढवला तो घरच्यांसाठीच, असं मी धरून चाललो होतो. शेजारी उभ्या असलेल्या पोरीला तेव्हा कुठे बघू असं झालं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

तिने सही केली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पावसाळा सरताना मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजाऱ्याने विचारलं, "पोरीची गाडी झाली काय दुरुस्त? परवा गारगोटीच्या वाटेवर, मुदाळ तिट्ट्यावर बंद पडलती. कंपनीची माणसं ओढून न्यायला आलती."

मला यातलं काही माहीत नव्हतं.

"व्हय, झाली की," मी म्हणालो. "मला लगेच फोन आलता तिचा."

घरात आलो. ती वह्या तपासत बसली होती. मी बराच वेळ उंबऱ्यात घुटमळलो.

"गारगोटीचा रस्ता कसा हाय आता?" मी विचारलं.

"बरा हाय," ती म्हणाली आणि पुढची वही उघडली.