‘आपण’

खुनाची गोष्ट वाचताना खुन्याची काडीची पर्वा न करणारा माणूस अख्ख्या ऑकलंडमध्ये एकच होता, आणि ते म्हणजे माझी मैत्रीण मेधा हिचे वडील. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. सोलापूरच्या कापड गिरणीत तीसेक वर्षं टाइमकीपर म्हणून त्यांनी कामगारांची हजेरी घेतली, मग गिरणी बंद पडली, काकू गेल्या, आणि फार्मसिस्ट असलेल्या एकुलत्या एका लेकीनं त्यांना हिल्सबरोला आपल्या घरी आणलं. मी दोन घरं सोडून राहायचे. शिकायला म्हणून आले ती तिथंच नोकरीला चिकटले, आणि शनिवारी मेधाकडं जेवायला जाणं हा मी माझा हक्कच समजत असे. काका लायब्ररीतून मोठ्या टायपातल्या, व्हिक्टोरियन काळातल्या गुप्तहेरकथा पिशवी भरभरून आणत आणि विसाव्या पानावर अडून बसत. “ही मोलकरीण बघा,” ते मला म्हणायचे, “गावाहून लंडनला आली म्हणतो. का आली? हिच्या शेताचं काय झालं? खून कुणी केला ते शेवटी कळणारच आहे हो, पण हे कुणी सांगतच नाही.” गोष्टीतल्या धुक्यावर तर त्यांचा विशेष राग. “धुकं कसलं डोंबलाचं, गिरण्यांचा धूर आहे तो!”

त्यांचं म्हणणं असं, की गावात सगळे सगळ्यांना ठाऊक, तिथं गुप्तहेराला कोण विचारतो? भोंगा वाजायला लागला, माणसं गाव सोडून शहरात एकमेकांशेजारी येऊन पडली, जिन्यात भेटणारा कोण हे कुणाला कळेना, तेव्हा कुठं बुटाच्या चिखलावरून माणूस ओळखणाऱ्याचं पोट भरायला लागलं. “गिरणी नसती तर गुप्तहेर उपाशी मेला असता,” एवढं बोलून ते ताकाचा पेला उचलायचे. मी विमा कंपनीत दिवसभर अनोळखी माणसांशी फोनवर बोलत असे, त्यामुळे मला ते लगेच पटायचं.

ही विद्या काका स्वतःही चालवत आणि दर वेळी तोंडावर आपटत. न्यूझीलंडनं त्यांची फार पंचाईत केली होती. अर्धा देश जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडतो आणि उरलेला अनवाणी. “बूटच नाहीत, तर तर्क कशावर करायचा?” एकदा दूध-पाव आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले असताना त्यांना एक दाढीवाला अनवाणी गृहस्थ दिसला. बिचाऱ्याचा कारखाना बंद पडलेला दिसतो, असं अनुमान काढून ते तडक घरी आले आणि आपल्या कोऱ्या सँडल्स नेऊन त्याच्या हातात ठेवल्या. तो निघाला मेधाच्या ओळखीचा, हृदयाचा सर्जन. त्यानं सँडल्स परत दिल्या, हसून तिथल्या बोलीत “स्वीट अ‍ॅज!”, म्हणजे ‘झकास’, असं म्हणाला आणि गेला. काका आठवडाभर बेचैन. “गोड, पण कशासारखं? वाक्य अर्धंच टाकून गेला हो माणूस.”

बोलताना ते सगळ्यांना ‘आपण’ म्हणत. माझ्यासारख्या कालच्या पोरीलाही “आपण बसा, आपण घ्या.” मी संकोचून तक्रार केली, तर म्हणाले, “गिरणीत माणसाला नंबरानं हाक मारायचे. चारशे बारा, इकडं ये! मलाही रजिस्टरात नंबरच लिहायला लागायचा. पण तोंडानं मी प्रत्येकाला आपण म्हणायचो. तेवढं माझ्या हातात होतं.” साऱ्या जगात ‘तू’ एकटी मेधा. “मेधे, तू आज मीठ विसरलीस.”

एका शनिवारी मेधा कामावरून आली, पर्स टेबलावर टाकली, तर काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आपण औषधांच्या दुकानात काम करता. खिशाला दोन पेनं, आणि दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. बरोबर?” पहिल्यांदाच अनुमान अचूक आलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. मेधा मात्र मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“अगं, त्यांनी मला आपण म्हटलं.”

“गंमत करतायत गं.”

“गमतीत पण मला तूच म्हणतात ते. हे स्ट्रेंजरशी बोलणं आहे त्यांचं.”

मला माझ्या त्या टाळ्यांची अजून लाज वाटते.

डॉक्टरांनी पुढं सगळं समजावून सांगितलं. स्मरणशक्ती चाललीय, ती परत येणार नाही. मेधा स्वतःच औषधं देणारी, तिला हे कळत नव्हतं थोडंच? पण तिला निदान एकदा त्यांच्या तोंडून ‘तू’ ऐकायचं होतं, आणि त्यापायी ती काहीही करायची. एकदा तिनं मुद्दाम मीठ न घालता आमटी वाढली. काकांनी वाटी संपवली. “छान झालीय. आपण शिकलात कुठं?” मेधा मागच्या अंगणात जाऊन रडली, आणि मला भयंकर राग आला, पण कुणाचा ते कळेना.

हिवाळ्यात एका दुपारी आम्ही तिघं खाडीकाठच्या बाकावर बसलो होतो. वारा बोचत होता. काका बराच वेळ मेधाच्या हातांकडं बघत होते. मग “आपण...” म्हणाले आणि थांबले. हल्ली मेधाला त्यांच्या प्रत्येक क्रियापदाची धास्ती वाटायची.

“आपण घरी जाऊ या का?”

‘जाता का’ नव्हे, ‘जाऊ या का’. म्हणजे दोघांनी मिळून. मेधाचा चेहरा असा उजळला, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. “हो बाबा, जाऊ या की!”

उठताना काकांनी अगदी विश्वासानं तिचा हात धरला. “उशीर झाला,” ते हळूच म्हणाले. “आमची मेधा वाट बघत असेल.”

मेधानं त्यांच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. “बघत असेल,” ती म्हणाली. “चला.”

मी मुद्दाम दोन पावलं मागं राहिले. घरापर्यंतच्या चढावर काका तिला आपल्या मुलीबद्दल सांगत होते: सुट्टीचा भोंगा झाला की फ्रॉक सावरत ती गिरणीच्या गेटपर्यंत कशी पळत यायची, शेकडो माणसांच्या लोंढ्यातून बापाला कशी बरोबर हुडकून काढायची. आणि मेधा त्यांचा हात धरून, दर वाक्याला “हो का?” म्हणत सगळं ऐकत होती.