चष्मा पुसणारा कंपाउंडर

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एक संध्याकाळ जुन्या आठवणींची असते. दरवर्षी कोणी ना कोणी त्या सिरियलचा विषय काढतंच. मग सगळे सुस्कारे सोडतात. काय तो काळ, काय ती साधी माणसं, आताच्या सिरियली म्हणजे नुसता रंगरंगोटीचा बाजार, वगैरे. त्या वेळी मी प्रसादाच्या वाट्या लावायला उठते. मागच्या वर्षी एका पोरीनं विचारलं, "काकू, तुम्हाला नव्हती का आवडत ती?" मी म्हटलं, वाट्या कमी पडून राहिल्या, आधी त्या आण.

आवडत होती. फार आवडत होती. झालं समाधान?

तेव्हा आम्ही अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहायचो. बाबा गार्ड होते, आठवड्यातले चार दिवस गाडीवर. घरात आई आणि मी, आणि लाकडी दाराचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. दर रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा ती सिरियल लागायची. हिंदी होती. एक लहानसं गाव, तिथला दवाखाना, आणि डॉक्टर कायम बाहेरगावी. सारा गाव सांभाळायचा तो कंपाउंडर. उंच, हाडकुळा, एक खांदा जरा खाली. कोणाला थाप मारायची वेळ आली की तो आधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकानं सावकाश पुसायचा, परत डोळ्यांवर चढवायचा आणि मग थाप मारायचा. बस, एवढंच. एवढ्यावर आमची क्वार्टरांची सगळी लाइन खदखदून हसायची.

आई पहिल्याच रविवारी ओरडली होती, "अवं पाय, पाय! हा तं माहा भाऊच आहे!"

मामा काटोलला राहायचा. बसस्टँडसमोर त्याचं सायकलचं दुकान होतं. आईहून चार वर्षांनी धाकटा, लग्न केलं नाही, हिवाळ्यात संत्र्यांची पोती पाठवायचा आणि स्वतः मात्र यायचा नाही. तोही असाच हाडकुळा आणि चष्मेवाला. पंक्चर काढायला उशीर का झाला असं गिऱ्हाईकानं विचारलं की हाही आधी चष्मा पुसायचा, मग उत्तर द्यायचा. त्याच्या ओळखीत कोणाकडे टीव्ही नव्हता. आपल्यासारखा एक माणूस दर रविवारी साऱ्या देशाला हसवून राहिला आहे, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आईचा एकच ध्यास होता, त्याला एका रविवारी आणून या टीव्हीपुढे बसवायचं. दर पत्रात ती मला ते लिहायला लावायची. तो उत्तर द्यायचा, येतो म्हणून. मला दिसायचं, चष्मा पुसूनच लिहिलं असणार.

त्या नटाचं नाव मी इथं लिहीत नाही. आईनंही कधी घेतलं नाही. आमच्या घरी तो 'चष्मेवाला' होता.

आता त्या रविवारचं सांगते. एप्रिल होता, सकाळपासूनच ऊन तापलेलं. बाबा ड्यूटीवर. आई टीव्हीपुढे चटईवर बसलेली, सिरियलच्या पाट्या सुरू झालेल्या. मी पोहे करत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. काटोलच्या फळबाजारातला एक माणूस होता, मामाच्या दुकानाशेजारचा. संत्र्याच्या ट्रकबरोबर आला होता. आत या म्हटलं तर आला नाही. टोपी हातात घेऊन फाटकापाशीच उभा राहिला.

"तुहा मामा गेला, बाई. पहाटे, झोपेतच. एक वाजता उचलतीन. उनाचं ठेवता येत नाही." मग आवाज अजून खाली आणून म्हणाला, "आईले आधी दोन घास खाऊ घाल. मग सांग. नाही तं दिवसभर पाण्यालेही शिवणार नाही ते."

आणि गेला.

हे आमच्याकडे सगळेच करतात. समोरचा माणूस उपाशी असला तर मौतीची खबर लगेच सांगत नाहीत. आधी पोटात काही जाऊ देतात. एकदा सांगितलं की चूल बंद, मग तो माणूस कधी जेवेल त्याचा नेम नाही. आईनं स्वतः शेजारच्या काकूंना असंच केलं होतं. त्यांचे वडील गेल्याची तार आईच्या हाती पडली, तेव्हा तिनं ती पोलक्यात खुपसली, काकूंना घरी बोलावून भाकरी-पिठलं वाढलं, वरून ताक पाजलं, आणि त्यांनी हात धुतल्यावर सांगितलं. मी तेव्हा दारातच उभी होते. म्हणजे शिकले कोणाकडून, तर तिच्याकडूनच.

मी पोह्यांची बशी भरली. वर कोथिंबीर घातली, लिंबाची फोड ठेवली. कोथिंबीर घातल्याचं मला अजून आठवतं आणि स्वतःचाच राग येतो. रडायला वगैरे काही आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं. इंजेक्शन दिल्यावर दात काढतात तेव्हा गाल कसा होतो, तसं. मी बशी आईच्या हातात दिली आणि बाजूला बसले.

काटोलची बस दहाला होती. क्वार्टरातून स्टँड रिक्षानं पंधरा मिनिटं. तेव्हा नऊ-पस्तीस झाले होते. आईनं भराभर चार घास खाल्ले असते, मी पावणेदहाला सांगितलं असतं, तर गाडी मिळाली असती. बारापर्यंत पोचलो असतो. हा सगळा हिशेब मला तिथं चटईवर बसल्या बसल्या स्पष्ट दिसत होता. कोणी असं समजू नये की मला कळत नव्हतं.

पण सिरियल सुरू असताना आई खायची कुठे! घास हातात तसाच, तोंड टीव्हीकडे. त्या दिवशी गावात मोठा सरकारी साहेब आला होता, आणि तो कंपाउंडरलाच डॉक्टर समजला होता. साहेबानं विचारलं, ऑपरेशनं किती केली? यानं चष्मा पुसला. आई हसली. साहेबानं विचारलं, पेशंट जगले किती? यानं परत चष्मा पुसला. आई इतकी हसली की बशीतले पोहे लुगड्यावर सांडले.

"आई, खा ना," मी म्हटलं.

"खातो वं, थांब जरा. पाय नं त्याले!" मग डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या रविवारी त्याले आनतोच मी. तू लिही आज. नाही आला तं मीच जातो त्याले घ्याले."

पावणेदहा वाजले. मी काही बोलले नाही. दहाला दहा कमी झाले. तरी बोलले नाही. टीव्हीवर साहेबानं विचारलं, तुमची डिग्री कुठे आहे? यानं चष्मा काढला, पुसायला शर्टाचं टोक पकडलं, आणि ते टोक फाटून हातातच आलं.

आणि मी हसले. मोठ्यानं हसले.

आता कोणी म्हणेल, होतं असं, घाबरल्यावर माणूस हसतो. होत असेल. मी ते ऐकून घेते, पण मला माहीत आहे. ते हसू घाबरल्याचं नव्हतं. ते खरं होतं. मामा गेला हे मला ठाऊक होतं, आणि तरी मला हसू आलं.

सिरियल संपली. आईनं बशी रिकामी केली, पाणी प्यायलं. मग मी सांगितलं. ती ओरडली नाही. उठली, लुगड्यावरचे पोहे झटकले आणि पायात चपला घातल्या. साडेअकराची बस मिळाली. ती कळमेश्वरला दोन तास उभी राहिली, टायर का काय. आई खिडकीबाहेर पाहत होती. बसमध्ये तिनं एकच विचारलं, "तो मानूस केव्हा आलता सांगाले?"

"सिरियल संपल्यावर," मी म्हटलं. चष्मा असता तर पुसला असता.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं ओल्या धोतरांनी उभी होती. घाटावरून परत आलेली. त्यांनी दीड वाजेपर्यंत वाट पाहिली होती, बहीण येईल म्हणून. मामाची खाट बाहेर उभी करून ठेवली होती. दारातल्या खिळ्याला त्याचा चष्मा लटकवलेला होता. आईनं तो काढून हातात घेतला आणि खाली बसली. भावाचं शेवटचं तोंड तिनं पाहिलं नाही. ते माझ्यामुळे.

त्यानंतर दर रविवारी साडेनऊ वाजले की आई सुपात गहू घेऊन मागच्या अंगणात जायची. निवडलेले गहू परत निवडायची. शेजारचे विचारायचे, काहून वं, टीव्ही बिघडला का? ती म्हणायची, डोळे दुखते. मीही टीव्हीची दारं लावून घ्यायचे. आम्ही दोघी कधी त्यावर बोललो नाही. स्वयंपाक, बाबांचा डबा, माझी परीक्षा, मग माझी शाळेतली नोकरी, सगळं नीट सुरू होतं. नुसतं सुरू होतं. पुढे ती सिरियल बंद पडली, तेही मला शाळेतल्या बायांकडून कळलं.

दोन-तीन वर्षं गेली असतील. एका दुपारी मी शाळेतून आले तर आईनं पाट मांडून ठेवला होता. गरम पोळ्या, वांग्याची भाजी, कढी. मी म्हटलं, आज काय आहे? म्हणाली, "जेव आधी." समोर बसून एकेक पोळी वाढत राहिली. चौथी नको म्हटलं तरी अर्धी टाकलीच. मी हात धुतला, तेव्हा बोलली.

"तो गेला वं. चष्मेवाला. रेडिओवर सांगतलं."

तिचे केस ओले होते, ते मला तेव्हा दिसलं.

"मी आंघोळ केली," ती म्हणाली. "तुह्यासाठी पानी काढून ठेवलं आहे."

"आई, टीव्हीतल्या माणसाची आंघोळ नसते."

"माहीत आहे मले." ती ताटं गोळा करत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "तो काटोलचा मानूस मले त्याच दिवशी भेटला होता तिथं. त्यानं सांगतलं, सिरियल लागाच्या टाइमले सांगून आलो म्हणून."

म्हणजे इतके दिवस तिला माहीत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मले आधी खाऊ घातलं, ते ठीक केलं तू. मीही तेच केलं असतं. बस गेली, तेही जाऊ दे. पन एक मले सांग." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू हसली काहून?"

खोटं बोलायची सवय होती मला. पण त्या वेळी काही सुचलं नाही, म्हणून खरं बोलले.

"तो मामासारखा चष्मा पुसत होता, आई. मला मामाच दिसला."

ताट तिच्या हातात तसंच होतं.

"हो," ती म्हणाली. "तसाच पुसे तो."

मग मी मोरीत गेले. बादली भरलेली होती. पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि मला रडू आलं, मामा गेल्यानंतर पहिल्यांदा. बाहेरून आई म्हणाली, केस नीट ओले कर. मी हो म्हटलं आणि दुसरा तांब्या भरला.