अंगठ्याची सुट्टी

औरंगपुऱ्यातल्या आमच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी देश चालवला जातो. चालवणारे आम्ही पाच जण, सगळे निवृत्त, सगळे पेन्शनवर. यंदा कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत आम्ही एकमतानं निकाल दिला, की बायकांच्या खात्यात दरमहा फुकटचे पैसे यायला लागल्यापासून खेड्यातल्या बाया आळशी झाल्या आहेत. शेतात कापूस फुटून लोंबतोय आणि वेचायला कुणी उठत नाही. आधी निकाल द्यायचा आणि मग पुरावा गोळा करायचा, ही सरकारी नोकरीतली माझी जुनी सवय. तेव्हा पुरावा आणायला मी निघालो.

आमच्या ऑफिसात नामदेव नावाचा शिपाई होता. त्याचा धाकटा भाऊ भानुदास बिडकीनच्या पुढं एका खेड्यात शेती करतो. नामदेवनं त्याला फोन करून ठेवला होता, की साहेब येताहेत, जेवायलाच येताहेत.

निघताना सुमन, म्हणजे माझी बायको, दारात म्हणाली, "दिवसभर जाताय, तर भाजीचे पैसे ठेवून जा." मी पाकिटातून एक नोट काढून दिली आणि वर "जपून" असंही म्हणालो. घरात चाळीस वर्षं हीच पद्धत आहे.

बिडकीनपर्यंत बसमध्ये खिडकी मिळाली. कारखान्यांसाठी आखलेले तिथले रस्ते इतके रुंद आहेत, की आमचा अख्खा औरंगपुरा त्यावर आडवा झोपेल. सकाळच्या लख्ख उन्हात रस्त्यावरचे दिवे चालू होते आणि त्यांच्या उजेडात दोन शेळ्या चरत होत्या. पुढं रिक्षा मिळाली. सहा माणसं, एक दुधाचा कॅन आणि मी.

"वेचणीला बाया मिळतात का हो?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"आज? आज नाय मिळायच्या सायब. गावात कुठल्याच बाईला आज काम सांगू नका."

मी खूश होऊन वही काढली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी शुभ्र पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) होती आणि तिच्यात चिटपाखरू नव्हतं. हेही लिहिलं.

गावात शिरलो तर पुरावा नुसता ओसंडत होता. घराघरांच्या ओट्यांवर बाया हात मांडीवर ठेवून बसलेल्या, तळहातांना तेल चोपडलेलं. आणि हातपंपावर तीन मिशीवाले पुरुष राख घेऊन कढया घासत होते. मी जन्मात असलं दृश्य पाहिलेलं नाही. वहीत मी 'कुटुंबव्यवस्था ढासळली' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या तिघांतला एक भानुदास निघाला. हात धोतराला पुसत तो म्हणाला, "या या सायब, उशीर नाय ना झाला?"

त्याची बायको कौसाबाई ओट्यावर बसली होती. पन्नाशीची, काटक. उजव्या अंगठ्याला मऊ चिंधी गुंडाळलेली. मला वाटलं, विळी लागली असेल. घरात शिजलं होतं ते भानुदासनंच शिजवलं होतं: येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) आणि जगाचे नकाशे असतात त्या आकाराच्या भाकरी. सोबत मिक्सरमधला ठेचा.

आता माझं चुकलं ते इथं. शहरातला माणूस खेड्यात जेवायला बसला, की त्याला एकाएकी परंपरेची भूक लागते. मी म्हणालो, "ठेचा मिक्सरचा? घरी तोच खातो हो आम्ही. इथं आलोय तर पाट्यावरचा हवा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भानुदास चाचरत म्हणाला, "मी वाटतो की."

"बसा तुमी," कौसाबाई म्हणाली. "पाव्हण्यानं तोंडानं मागितलं, आन मी बसून ऱ्हाऊ व्हय?"

तिनं अंगठ्याची चिंधी सोडली, पाटा धुतला आणि मिरच्या, लसूण, जाडं मीठ घेऊन वाटायला बसली. ठेचा झकास झाला होता. मी दोनदा मागून घेतला. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण पाटासुद्धा तिनंच घासून ठेवला आणि मी ढेकर दिली.

तीनच्या सुमाराला ती म्हणाली, "चला, मशीनीवर जाऊन येते." पुरावा पूर्ण व्हावा म्हणून मीही मागोमाग गेलो. पत्र्याच्या खोलीत सुविधा केंद्र, बाहेर बायांची रांग. महिन्याचे पैसे चालू राहायचे तर जिच्या तिच्या अंगठ्याची सरकारदरबारी पडताळणी करून घ्यायची होती, आणि त्याला उद्याचा एकच दिवस उरला होता. फोनवर ओटीपी मागवायची दुसरी एक सोय होती, पण कौसाबाईच्या कागदावर भानुदासच्या हरवलेल्या सिमचा नंबर होता.

तिनं अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. पुसून ठेवला, तरी लाल. मग दहाही बोटं झाली.

केंद्रवाला वैतागून म्हणाला, "मावशी, काल तर रेघा दिसायला लागल्या व्हत्या! काय केलं आज?"

"काय नाय. पाट्यावर बसले व्हते जरा."

"आजच्या दिवशी? मीठ-मिरचीत?" तो कपाळाला हात लावून म्हणाला, आणि रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. बातमी माझ्या आधी पोचली होती.

मग मला सगळं उमगलं. बोंडांच्या टोकांनी, राखेनं आणि शेणानं या बायांच्या बोटांवरच्या रेघा झिजून जातात. मशीनला झिजलेला अंगठा ओळखू येत नाही. म्हणून पडताळणीआधी तीन दिवस अख्खा गाव बायांच्या अंगठ्याला सुट्टी देतो आणि पुरुष भांड्यांना बसतात. काम करणाऱ्या बाईला मदत मिळवायला आधी काम थांबवावं लागतं, आणि तिनं काम थांबवलं म्हणून आम्ही टपरीवर तिच्या नावानं बोटं मोडतो. मी वही खिशात घातली.

परतताना मी विचारलं, "कौसाबाई, एवढ्याशा पैशात होतं तरी काय?"

"थोडंच हायेत," ती म्हणाली. "पर मागावं लागत नाय. लेक खुलताबादला दिलीया. पयलं तिकडं जायचं म्हनलं की चार दिस ह्यांचं तोंड बघावं लागायचं. कवा मूड हाय, कवा नाय. आता उठते आन जाते. पुढल्या महिन्यात बाळंत व्हायचीय ती. डिंकाचे लाडू माझ्या पैशानं न्यायचे, असं ठरीवलंय म्या."

भानुदास शेजारून चालत होता. त्यानं मान खाली घातली. मलाही उगीच भाजीची नोट आठवली.

आभाळ भरून आलं होतं आणि कापूस भिजण्याआधी वेचायला हवा होता. कौसाबाई घरी येताच वेचलेला कापूस टाकायचं ओटीचं फडकं कमरेला बांधायला लागली. "कापूस गळून चाललाय, मी बसू कशी?" म्हणाली. लाडू तर गेलेच समजा, निदान पीक तरी वाचवू, असा तिचा हिशेब दिसला. मला आयुष्यात एवढं ओशाळल्यासारखं झालं नव्हतं. मी फडकं तिच्या हातातून घेतलं.

"तुमी?" भानुदास हसू दाबत म्हणाला.

मुक्काम ठोकून त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कापूस वेचला. म्हणजे भानुदासनं तीन ओळी संपवल्या तेव्हा माझी अर्धी झाली होती. बोंडाचं टोक काट्यासारखं नखाखाली शिरतं, हे मला आमच्या पाच जणांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही वेळची भांडीही घासली. हातपंपावरचे मिशीवाले मला, "सायब, कढईचं बूड ऱ्हायलं," असं शिकवत होते आणि पोट धरून हसत होते. कौसाबाई ओट्यावर हाताला तेल लावून बसली होती, अगदी जिवावर आल्यासारखी. मधूनच ती उठायची आणि सगळे एकदम ओरडायचे, "बस खाली!"

दुपारी चारला तिनं अंगठा ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मशीन हिरवं झालं. केंद्रवाल्यानं टाळी वाजवली. कौसाबाई नुसती अंगठ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा आलात तर मिक्सरचा खायचा बरं का."

घरी आलो तो कंबर धरून. दोन दिवसांनी बँकेत गेलो. पेन्शनवाल्यांनी दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सांगायला अंगठा द्यायचा असतो, आणि महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. सोबत सुमन होती. दरवर्षी माझा गुळगुळीत अंगठा ठेवताक्षणी उठतो, याचा मला गर्वच होता. ठेवला. लाल. पुन्हा लाल.

बँकेतली मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, मशीन तुम्हाला ओळखत नाही. रेघा घासल्या गेल्यात. चार-पाच दिवस अंगठ्याला आराम द्या, घरात कशाला हात लावू नका. तोवर पेन्शन थांबेल."

सुमननं तिला विचारलं, "म्हणजे यांनी नेमकं काय बदलायचं?"

जन्मात दीड दिवस राबलो आणि तेवढ्यावर सरकारच्या लेखी मेलो. कौसाबाई रोज राबते, आणि दर वेळी तिला आपण आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर निघालो तर पाकीट रिकामं. होतं नव्हतं ते मी मुदत ठेवीत घालून ठेवलेलं. पुरावा सांगायला जायचं तर चहा माझ्याकडून, असं मीच कबूल केलं होतं. बराच वेळ मी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळलो. सुमनचा मूड आहे की नाही, ते बघत. शेवटी म्हणालो, "चहापुरते पैसे आहेत का गं?"

तिनं डाळीच्या डब्यात हात घालून एक नोट काढली, माझ्या तेल लावलेल्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "जपून."