टिकटिकीनं झोपणारी मुलगी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळवालीचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाटाएवढी जागा. काम वडलांकडून शिकली. बंद पडलेलं घड्याळ तिच्या हाती दिलं की माणूस निर्धास्त होतो. जीभ मात्र कधीच बंद नाही. मुलगी झाली, अंगात थोडी ताकद आली, की बाई पुन्हा डोळ्याला भिंग लावून हजर. पाळणा टेबलाशेजारी, वर भिंतभर घड्याळं.

मग तिला खोकला लागला. या धंद्यात खोकला म्हणजे वैरी. एक ढास लागली की केसाएवढी स्प्रिंग कुठे उडेल, देव जाणे. सासऱ्यांची खोकल्याच्या औषधाची बाटली घरात पडून होती. कामाला बसण्याआधी एक झाकण, दुपारी एक झाकण. खोकला गप्प झाला. मुलगीही गप्प झाली.

बाटलीचं कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होती ती फक्त फुशारकी.

"पाहिलंत काकू? टिकटिकीनं झोपते. घड्याळवालीची लेक आहे!"

येईल त्या गिऱ्हाइकाला हेच. मोठ्या जावेचा मुलगा दिवसभर भोकाड पसरणारा. तिला तर चारचौघांत म्हणाली, "जाऊबाई, तुमच्याकडे एक घड्याळ लावून देऊ का? फुकट!" सगळे हसले. जाऊ नाही हसली.

"ते राहू दे. ही पिते कधी, ते सांग."

"भूक लागली की उठेल. उगाच दृष्ट लावू नका."

एका सकाळी मुलगी उठेचना. तळवे चोळले, गालाला पाणी लावलं. जरा डोळे किलकिले केले नि पुन्हा मान टाकली. जावेनंच तिला उचललं आणि दवाखाना गाठला. मागोमाग घड्याळवाली नि मी.

डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता घड्याळवालीला विचारलं, "तुम्ही कसलं औषध घेता का?"

"नाही."

मान खाली, कान लालबुंद. ती काहीतरी लपवतेय, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण शेजारी जाऊ उभी! मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

"बाई, हिचा श्वास मंद चाललाय. नीट आठवा. सर्दीचं, खोकल्याचं, काहीही."

"खोकल्याचं... सासऱ्यांचं." मग मान वर केली. "पण ते मी पिते, ही थोडीच!"

"ही तुमचं दूध पिते ना? काही औषधांत गुंगीचा अंश असतो, तो दुधात उतरतो. तुम्हाला नुसती पेंग येते, एवढ्याशा जिवाचा श्वास अडखळतो. न विचारता दुसऱ्याची बाटली तोंडाला लावायची नसते."

मुलीला तिथेच ठेवून घेतलं. घड्याळवाली भिंतीकडे तोंड करून बसली. जावेनं आणलेला चहा पुढ्यात निवून गेला. घ्यायला हात पुढे होईना. दुसऱ्या दिवशी मुलगी घसा फाडून रडली, तेव्हा हिनं कसंबसं तोंड उघडलं.

"जाऊबाई, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"आधी तिला घे," जाऊ म्हणाली.

आता दुकानात घड्याळांच्या वर मुलीचा आवाज असतो. जुनी गिऱ्हाइकं हटकतात, "काय हो, टिकटिकीनं झोपणारी ती हीच ना?"

"टिकटिकीनं नव्हे. मी खोकल्याचं औषध पीत होते, ते दुधातून तिला जात होतं."

दर वेळी सगळं सांगते. दर वेळी कान तसेच लाल होतात, आणि मग भिंग डोळ्याला लावून ती खाली बघते, समोर घड्याळ असो वा नसो.