चौकातले सोयरे

माझ्या साडूभाऊंइतका सोयरीक काढणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि चुकूनमाकून असलाच तर तो त्यांचाच लांबचा मामेभाऊ निघेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आमची अक्का, तिचे हे यजमान. परळीला राहतात, तिथल्या थर्मल वीजकेंद्रातून निवृत्त झालेत, आणि 'अनोळखी माणूस' ही चीजच त्यांना मान्य नाही. समोर आलेला माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर त्याचं पाहुणेपण सापडायचं बाकी असतं. दवाखान्यात नंबर लावून बसले, तर नंबर येईपर्यंत शेजारच्या पेशंटची चुलती ह्यांच्या मावसबहिणीची जाऊ निघालेली असते. एकदा मी त्यांच्याबरोबर बीडला चप्पल घ्यायला गेलो. दुकानदार भाचा निघाला. मग चहा झाला, पोहे झाले, भाच्याच्या पोरीला स्थळं सुचवून झाली, आणि आम्ही दोघं जुन्याच चपला घालून घरी आलो. रक्ताचं नातं नाही सापडलं तर गावाचं सापडतं. आजोळच्या गावचा तो मामा, बहीण दिलेल्या गावचा तो दाजी. ह्यात जात आड येत नाही की धर्म आड येत नाही. स्टेशनाबाहेर केळी विकणारे एक चाचा आहेत, ते ह्यांचे मामा. का, तर चाचांचं घर ह्यांच्या आईच्या माहेरी मशिदीच्या बोळात. मला ह्या प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे. मी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसणारा माणूस. बायको म्हणते, "तुम्हाला माणसंच आवडत न्हाईत." आवडतात हो! पण सगळीच नातेवाईक कशाला पाहिजेत?

पण ह्या खोडीनं एका चौकाला माणसात आणलं, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आधी चौक सांगतो.

साडूभाऊंच्या घरासमोर चार रस्ते एकमेकांच्या अंगावर येतात. थर्मलकडून राखेची टिपरं, साखर कारखाना सुरू असला की उसाचे ट्रॅक्टर, मागं जोड ट्रॉल्या आणि पुढं कानठळ्या बसवणारा गाण्यांचा डेक, स्टेशनाकडून रिक्षा, आणि चहूबाजूंनी मोटारसायकली, ज्यांच्या चालकांना चौक आला ही बातमी चौक गेल्यावर कळते. असं नाही की कुणी काही केलं नाही. सिग्नल बसला, नारळ फुटला, पेढे वाटले. मग त्या दिव्याला जी कावीळ झाली ती काही केल्या उतरेना. आजही तो पिवळाच लुकलुकतो. मग गतिरोधक झाला. तो एवढा दणकट झाला की मोटारींची पोटं घासायला लागली. "हा गतिरोधक न्हाई साडू," साडूभाऊ मला म्हणाले, "ही बालाघाटाची फांदी हाय." शेवटी लोकांनीच तो एका कडेनं फोडला आणि त्या फटीतून, म्हणजे पायी माणूस जिथून चालतो नेमका तिथून, मोटारसायकली सुसाट सुटल्या. त्यात कोपऱ्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स. एका दादांच्या गालाआडून काय येतंय ते अंगावर येईस्तोवर दिसायचं नाही.

आणि ह्या चौकाच्या पलीकडं अक्काची अंगणवाडी. अक्काचं सगळं चित्त त्या एका खोलीत. घरी आली तरी तिच्या तोंडी तीच लेकरं: अमक्याला आज अ काढता आला, तमकीनं खिचडीतले वाटाणे वेचून टाकले. तर एके दिवशी सकाळी त्याच फटीतून आलेल्या मोटारसायकलीनं अक्काला उडवलं. पायात सळई पडली. पाय वाचला, पण चाल गेली. ती पुन्हा चालायला लागली तसा पुण्यात राहणारा तिचा मुलगा हट्टाला पेटला, "आई, आता बास. तो रस्ता तुला वलांडायचा न्हाई. दोघं पुण्याला चला." अक्का म्हणाली, "माझी लेकरं तिकडं वाट बघत्यात." मुलगा म्हणाला, "ठीक हाय. पण पुन्हा नुसता धक्का जरी लागला, तरी मी येऊन घेऊन जाईन." असं ते ठरलं. म्हणजे अक्काला चौक सुखरूप ओलांडता आला तर अंगणवाडी राहणार, नाहीतर पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर बाल्कनीत बसणं नशिबी. साडूभाऊ त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. नातं काढायला कोणी नवीन नव्हतं म्हणून गप्प असतील असं मला वाटलं. देवा, मी पण कसा माणूस आहे!

दुसऱ्या दिवसापासून ते अक्काबरोबर निघायला लागले. रस्त्याच्या मध्ये जाऊन हात वर करायचे. कोण थांबतंय? टिपरवाले हॉर्न दाबून ह्यांनाच कडेला हाकलायचे. मग ह्यांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीसमोरचं बाकडं धरलं. पहिल्यांदा फ्लेक्सचं काम हाती घेतलं. फ्लेक्स काढा म्हणायला गेला असता तर मार खाऊन आला असता माणूस. हे दादांच्या पोरांकडं गेले, हळहळत म्हणाले, "दादांच्या तोंडावर राख उडायलीय रे. पार काळं पडलंय. विरोधक हसत्यात. तिकडं झाडाखाली घ्या की, सावलीत." संध्याकाळच्या आत दादा झाडाखाली.

मग टिपरं. टिपरवाले त्या टपरीवर चहाला थांबायचे, तिथंच हे गाठायचे. पहिल्या पोराला गाठलं तेव्हा मी हजर होतो. पोरगं दांडगं, गळ्यात रुमाल, नजर अशी की मी तर पलीकडंच सरकलो.

"राम राम पाहुणं. गाव कंचं?"

"कावून?"

"आरं, सांग तर."

"पाली."

"धरणाजवळची? मग मेंढरंवाल्या म्हाताऱ्याचा तू कोण? ते मारुतीच्या पाराला लागून घर हाय बघ."

पोरगं जरा ढिलं पडलं. "नातू. तुमी कसं वळखता?"

"कसं वळखता? तुझ्या आज्याची मेंढरं माझ्या चुलत्याच्या रानात बसायची बे! त्या खतावर आमची जवारी पिकली. तू माझा पुतण्या लागतो." आणि मग लगेच बोट रस्त्यापलीकडं. "ती बघ, निळ्या पातळात उभी हाय, लंगडायलीय, ती तुझी चुलती. रोज सकाळी तिला तुझ्या गाडीपुढनं जावं लागतं. तिला धक्का लागला अन् तुझ्या आज्याला कळलं, तर गावात पाय ठेवशील का?"

पोरगं चहा अर्धा टाकून उठलं आणि गाडी अशी हळू काढली की मागचे रिक्षावाले शिव्या द्यायला लागले. साडूभाऊ माझ्याकडं वळले. "साडू, आपला माणूस दिव्याला भीत न्हाई, पोलिसाला भीत न्हाई. पण पाहुण्याच्या दारावरनं राम राम न करता जायची त्याची छाती न्हाई."

आणि खरंच! ज्याचा पाहुणा चौकात राहतो त्याला चौकात वेग कमी करावाच लागतो. केबिनमधून मुंडी बाहेर काढायची, "राम राम चुलती" म्हणायचं, आणि भरधाव गाडीतून राम राम म्हणणं ही तर बेइज्जतीच. हळूहळू उसाचे ट्रॅक्टरवाले मामा झाले, काळीपिवळीवाले दाजी झाले. अक्का वैतागली. "सकाळी राम रामच घेत बसू का लेकरांची खिचडी टाकू?" लग्नसराईत तर नवराबायकोला उसंत नव्हती. इतक्या टिपरवाल्यांच्या घरची लग्नं, बारशी, जावळं! मी स्वतः एकदा मोटारसायकलवरून चौकात जरा घाईनं शिरलो तर एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ काका! हळू! आमच्या मामीचा चौक हाय ह्यो." माझ्या सख्ख्या मेव्हणीचा चौक, आणि हे मला शिकवणार! पण गाडी हळू केली बुवा.

आणि इथंच साडूभाऊ फसले. अति तिथं माती, दुसरं काय. एक टिपरवाला होता, कडा गावाकडचा, सगळ्यात भरधाव. चहाला पण थांबायचा नाही. शेवटी एकदा पंक्चर झाला तेव्हा साडूभाऊंनी गाठला. गाव विचारलं, आडनाव विचारलं, सासुरवाडी विचारली, आणि एकदम त्यांचा चेहरा पडला. चुलत बहिणीच्या लेकीचा नवरा. भाचजावई! आता पुतण्याला दम देता येतो, भाच्याचा कान पिरगाळता येतो, पण जावयाला काय म्हणणार? जावई म्हणजे दशमग्रह. त्याला 'हळू चालव' म्हणायचं कुणी? त्यात त्या बाबालाही आपण जावई असल्याचं कळलं. आधी नुसता जोरात जायचा, आता हक्कानं जोरात जायला लागला. राम राम सासऱ्यांनी करायचा, त्यानं नुसती मान हलवायची. एके सकाळी त्याच्या गाडीच्या वाऱ्यानं अक्का हेलपाटली आणि विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. धक्का लागला नाही, पण कुणीतरी पुण्याला फोन केला आणि मुलगा येतो म्हणाला. साडूभाऊंनी त्या दिवशी कुणाचंच गाव विचारलं नाही. मला फोनवर म्हणाले, "साडू, मीच खोदून काढला हो त्याला. परका असता तर चार शब्द सुनावले असते." 

योगायोगानं धोंड्याचा महिना सुरू होता, म्हणजे जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालायचा अधिक महिना. भाचीला आणि जावयाला आमंत्रण गेलं. मदतीला म्हणून आम्ही दोघं गेलो. जावईबापू नवा शर्ट घालून, पाटावर ऐटीत बसले. आता रीत अशी की जेवायच्या आधी जावयाचे पाय धुवायचे. आतून अक्का परात आणि तांब्या घेऊन आली. पाय दुमडत नव्हता. भिंतीला धरून, दात आवळून, कशीबशी खाली टेकली. जावयानं तिच्या चालीकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं, आणि त्याचा रंगच उडाला. रोज खांबापाशी उभी असणारी लंगडी बाई हीच, हे तोवर त्याला माहीतच नव्हतं. काचेतून नीट बघितली असेल तेव्हा ना!

"मामी, राहू द्या."

"राहू द्या कसं? ठेवा पाय परातीत. उजवा आधी." अक्कानं पाणी ओतलं. "ह्योच असतो न्हवं ब्रेकवर?"

"...व्हय."

"मग ह्याला नीट धुतला पाहिजे, जावईबापू. रोज सकाळी माझा जीव ह्याच्याच हवाली असतो."

एवढंच बोलली, आणि पदरानं त्याचा पाय टिपला. मी साडूभाऊंकडं पाहिलं, तर ते वर पंख्याकडं बघत होते आणि डोळ्यांत पाणी. "मी न्हाई हो तिला शिकवलं," मला नंतर म्हणाले, "आईशप्पथ." जावयाच्या घशाखाली धोंडा उतरेना. भाची त्याच्याकडं जी बघत होती ती नजर मी वर्णन करत नाही. ज्याचं लग्न झालंय त्यानं समजून घ्यावी.

दुसऱ्या दिवसापासून तो पठ्ठ्या अक्काच्या वेळेला चौकात येऊन टिपर आडवं लावायचा, इंजिन बंद करायचा आणि खाली उतरून उभा राहायचा. मागं सगळा चौक निमूट. फटीतून घुसणाऱ्या मोटारसायकलींनाही वाट नाही. पुण्याचा मुलगा आला, कपडे भरायला पिशव्याही घेऊन आला होता. सकाळी ओट्यावर उभं राहून त्यानं आईला रस्ता ओलांडताना पाहिलं.  पोहे खाऊन रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेला.

पुढं गावाबाहेरून बायपास झाला आणि जड वाहनं सगळी तिकडून जायला लागली. ट्रॅक्टर गेले, टिपरं गेली, जावईही गेला. चौक एकदम मोकळा. हेच तर पाहिजे होतं. अक्काची अंगणवाडी राहिली, पुण्याची धास्ती गेली. सगळं भलं झालं. तरी साडूभाऊ बाकड्यावर बसून चहा जरा जास्तच वेळ पितात असं मला वाटलं. "पाहुणे सगळे बायपासला गेले बगा," एवढंच म्हणाले.

परवा मी मुक्कामाला होतो. सकाळी ओट्यावर दात घासत उभा होतो. अक्का पिशवी घेऊन निघाली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. चारी रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं.

मी ओरडलो, "अक्का, जा की! कोणी न्हाई."

"दिसतंय मला," ती मागं न बघता म्हणाली. "त्यांचा चहा व्हायचाय अजून."

साडूभाऊंनी कप खाली ठेवला. टोपी सरळ केली. चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि चारी बाजूंचा मोकळा रस्ता त्यांनी थांबवून धरला. अक्का निघाली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जरा सावकाशच चालली.